हद्दीचं विचारलंत, पातळीचं राहून गेलं

पत्र थोडक्यात असं आहे : "वडिलांकडून आलेल्या जागेवर मी आणि माझा धाकटा भाऊ मिळून घर बांधतो आहोत. जागा २० मीटर रुंद, ३० मीटर खोल, रस्त्याकडून मागे उतरती. चारपैकी तीन कोपऱ्यांचे दगड सापडतात. चौथा शेजाऱ्यांच्या कुंपणभिंतीच्या आसपास असावा. आर्किटेक्ट म्हणतात, आधी सर्व्हे करून नकाशा द्या, मगच मी प्लॅनला हात लावीन. कंत्राटदार म्हणतात, एवढ्याशा घराला सर्व्हेअर कशाला, आम्ही टेप-दोरीने आखून देतो. भावाने मोबाइलच्या नकाशावर जागेची सीमा काढून ठेवली आहे. टेपने मोजलं तर खोली कागदापेक्षा १० सेंटिमीटर जास्तच भरते, म्हणून तो खूश आहे. सर्व्हे खरंच लागतो का? एकदा केला की झालं का? आणि शेजाऱ्यांशी वाकडं न येता चौथा कोपरा कसा शोधायचा?"

ताई,

तुमच्या आर्किटेक्टचं बरोबर आहे, आणि कंत्राटदारांचंही सगळंच चूक नाही. टेप, दोरी आणि चुन्याची फक्की एवढ्यावर घर आखता येतं, आणि चांगला मिस्त्री ते नीट आखतो. पण आखायचं नेमकं कुठे, किती उंचीवर आणि कोणत्या ठिकाणापासून मोजून, हे टेप सांगत नाही. ते आधी ठरलेलं असावं लागतं. सर्व्हेअर लागतो तो त्यासाठी.

तुमच्या पत्रात हद्दीबद्दल बरंच आहे. पातळीबद्दल मात्र "मागे उतरती" एवढे दोनच शब्द आहेत. मला खरी काळजी त्या दोन शब्दांची वाटते. हद्दीचा घोळ माणसं आधी निस्तरतात, कारण त्यात शेजारी असतो, भांडणाची भीती असते. पातळीचा घोळ कोणाच्या लक्षात येत नाही, आणि येतो तेव्हा घरात राहायला गेलेले असतात. म्हणून हद्दीचं आधी आटोपतं घेते आणि पातळीवर सावकाश बोलते.

तुमच्या भावाच्या १० सेंटिमीटरांपासून सुरुवात करू. ती जागा वाढलेली नाही. कागदावरचं अंतर आडवं असतं, म्हणजे जमीन सपाट असती तर भरलं असतं तेवढं. टेप उतारावरून धरली की लांबी जास्त भरते. ३० मीटरमध्ये जमीन दीड मीटर उतरत असेल, तर एवढ्यानेच जवळजवळ ४ सेंटिमीटर वाढतात. टेप मध्ये झोळ खाते, तेव्हाही लांबी जास्त येते. झुडपाला वळसा घालून धरली, सरळ रेषेतून थोडी सरकली, तरीही जास्तच येते. घाईघाईत धरलेल्या टेपच्या या सगळ्या चुका एकाच दिशेला जातात, म्हणून त्या एकमेकींना खोडत नाहीत, साठत जातात. हाच आकडा धरून घर मागे सरकवलं, तर मागच्या बाजूला सोडायचं अंतर तेवढंच कमी पडेल.

मोबाइलच्या नकाशाचंही तसंच. मोकळ्या आकाशाखाली फोन आपलं ठिकाण काही मीटरच्या फरकाने सांगतो. भिंती आणि झाडं जवळ असली की फरक आणखी वाढतो. पोचायचा रस्ता शोधायला ते पुरेसं आहे, भिंतीची जागा ठरवायला नाही. सर्व्हेअर वापरतात ती उपग्रहाची यंत्रं वेगळी. ती एका माहीत असलेल्या बिंदूवरच्या दुसऱ्या यंत्राकडून दुरुस्ती घेत राहतात, म्हणून त्यांचं उत्तर एक-दोन सेंटिमीटरपर्यंत येतं. तीही उंचीच्या बाबतीत तेवढी भरवशाची नसतात. म्हणून बांधकामाची पातळी आजही सहसा लेव्हल मशीनने घेतात, म्हणजे तिवईवर लावून अगदी आडवं बघणाऱ्या दुर्बिणीने.

आता चौथा कोपरा. शेजाऱ्यांची भिंत म्हणजे हद्द असं धरू नका. भिंत हद्दीवर असेल, आत असेल, बाहेरही असेल. तुमच्या भागात हद्द कायम करण्याचा अधिकार ज्या यंत्रणेला आहे, तिच्याकडूनच मोजणी करून घ्या आणि त्या दिवशी शेजाऱ्यांना बोलवा. नोटीस जाते ती वेगळी. तुम्ही दोघं स्वतः जाऊन सांगा. "आम्ही बांधकाम काढतोय, मोजणी आहे, तुम्ही समोर असलात तर बरं," एवढं पुरे. डोळ्यांसमोर मोजून बसवलेला दगड सहसा कोणी उपटत नाही. भिंत तुमच्या बाजूला आलेली निघालीच, तर तिथल्या तिथे वाद घालू नका. नकाशावर ती जशी आहे तशी दाखवून घ्या आणि घराची आखणी कायम झालेल्या हद्दीपासून करा. भिंतीपासून करू नका. बाकीचं वकिलांशी सावकाश बोलता येईल, पण कोपरा ठरेपर्यंत खोदाई सुरू करू नका.

आर्किटेक्ट मागताहेत तो सर्व्हे वेगळा. हद्दीची मोजणी जागा कुठे संपते ते सांगते. त्यांना हवा आहे तो नकाशा जागेवर काय काय आहे आणि ते किती उंचीवर आहे, ते सांगतो. ठरावीक अंतरावरच्या जमिनीच्या पातळ्या, झाडं आणि त्यांच्या बुंध्यांचा घेर, विहीर, विजेचे खांब, वरून जाणाऱ्या तारा, रस्त्याची कड, गटार, सांडपाण्याचं चेंबर, शेजारच्या घराचं जोतं, असं सगळं त्यात आलं पाहिजे. शेजारच्या जोत्याचं लोक हमखास विसरतात. त्यांचा पाया उथळ असेल आणि तुम्ही भिंतीला लागून खोल खणणार असाल, तर ते इंजिनिअरला आधीच कळायला हवं.

आता पातळीकडे वळते. इथे एक हिशेब मांडून दाखवते. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, पण तुमच्या जागेचे आकडे आले की हेच गणित करायचं आहे.

सर्व्हेअर आधी हलणार नाही अशी एक जागा निवडतो, जागेच्या बाहेरची. जुन्या पुलाचा कठडा, पक्क्या इमारतीची पायरी, असं काहीतरी. तिथे खूण करतो आणि तिची उंची १००.००० मीटर धरतो. हा बेंचमार्क. मग तिवईवर लेव्हल मशीन लावून त्या खुणेवर उभ्या धरलेल्या, मापाच्या खुणा असलेल्या पट्टीचं रीडिंग घेतो. समजा ते १.४२५ आलं. म्हणजे मशीनची नजर १०१.४२५ वर आहे. आता पट्टी जिथे जिथे नेऊ, तिथलं रीडिंग यातून वजा केलं की त्या जागेची उंची मिळते. फाटकासमोर रस्त्याच्या मध्यावर १.१०५ आलं, तर रस्ता १००.३२० वर. घराची पुढची भिंत येईल तिथे १.५४५, म्हणजे जमीन ९९.८८०. मागची भिंत येईल तिथे २.६८५, म्हणजे ९८.७४०.

आता कंत्राटदार म्हणतील, "जोतं जमिनीपासून दीड फूट वर घेऊ." ऐकायला ठीक वाटतं. दीड फूट म्हणजे ४५ सेंटिमीटर. पुढच्या जमिनीपासून मोजलं तर जोतं १००.३३० वर आलं. आणि रस्ता आहे १००.३२० वर. म्हणजे तुमच्या घराची फरशी रस्त्यापेक्षा फक्त एक सेंटिमीटर वर. रस्त्यावर डांबराचा पुढचा थर पडला की घर रस्त्याच्या खाली गेलं, आणि पावसाचं पाणी आत. इथे कोणी खोटं बोललं नाही, कोणी कामचुकारपणा केला नाही. जोतं फक्त जमिनीपासून मोजलं, रस्त्यापासून मोजायला हवं होतं.

म्हणून रस्त्यापेक्षा ६० सेंटिमीटर वर घ्यायचं ठरवलं. जोतं १००.९२०. पुढून छानच झालं. पण मागे जमीन आहे ९८.७४०, म्हणजे मागच्या भिंतीशी जोतं २.१८ मीटर उंच. आता तिथे भराव घालायचा की खाली एखादी खोली काढायची, हा प्रश्न समोर येतो. भराव घालायचा तर थर देऊन, पाणी मारून, दाबून घालावा लागेल, आणि त्याचा दाब पेलणारी भिंत लागेल. प्लॅन, पायाचं डिझाइन आणि खर्चाचा अंदाज, तिन्ही बदलतात. आर्किटेक्ट सर्व्हे आल्याशिवाय हात लावत नाहीत ते यासाठी. माझ्या मते तो त्यांचा हट्ट नाही, त्यांना काम कळतं याची ती खूण आहे.

आणि सांडपाणी. रस्त्यातल्या चेंबरमध्ये पट्टी तळाशी टेकवून रीडिंग घेतलं, २.०२५ आलं. म्हणजे चेंबरचा तळ ९९.४०० वर. संडास मागच्या बाजूला ठेवलात तर तिथून चेंबरपर्यंत समजा २४ मीटर पाइप जाईल. १ : ६० असा उतार, म्हणजे ६० मीटरला १ मीटर, धरला तर ४० सेंटिमीटर लागतात. म्हणजे पाइपचा तळ मागे ९९.८०० वर सुरू व्हायला हवा. पण मागची जमीन ९८.७४० वर आहे! पाइप मागे जमिनीच्या एक मीटरहून जास्त वर, नव्या भरावातून जाणार. भराव पुढची काही वर्षं बसत राहतो. त्याबरोबर पाइप खचतो, सांधा निसटतो, उतार उलटा होतो. संडास-न्हाणी पुढच्या बाजूला आणली तर हा प्रश्नच उरत नाही. प्लॅन कागदावर असताना हा बदल करायला अर्धा तास लागतो. घर झाल्यावर फरशी फोडावी लागते.

सर्व्हेअरचं काम बरोबर आहे का, हे तपासायला तुम्हाला मशीन यायची गरज नाही. शेवटचं रीडिंग पुन्हा बेंचमार्कवर घ्यायला सांगा आणि वहीत बघा. हिशेबाने १००.००० यायला हवेत. काही मिलिमीटर इकडेतिकडे चालतात, सेंटिमीटर चालत नाहीत. चांगला माणूस हे न सांगता करतो आणि वही पुढे करतो. वही दाखवायला जो कांकूं करतो, त्याचं काम पुन्हा तपासून घ्या.

बेंचमार्क एकच असावा आणि सगळ्यांनी तोच वापरावा, यावर मी फार जोर देते. जर्मनी आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवर लाउफेनबुर्ग इथे ऱ्हाइन नदीवर पूल बांधत होते. जर्मनीच्या उंच्या ॲमस्टरडॅमच्या समुद्रपातळीवरून ठरतात, स्वित्झर्लंडच्या भूमध्य समुद्रावरून. दोहोंत २७ सेंटिमीटरांचा फरक होता आणि तो इंजिनिअरांना ठाऊकही होता. दुरुस्ती करताना अधिक-उणे उलटं झालं. २००३ मध्ये लक्षात आलं की दोन्ही बाजू एकमेकींपेक्षा ५४ सेंटिमीटर वरखाली आहेत, आणि एका बाजूचं काम पुन्हा जुळवून घ्यावं लागलं. तुमच्या घरात दोन देश नसतील, पण पायाचा मिस्त्री एका खुणेवरून, प्लंबर दुसऱ्या आणि फरशीवाला स्वतःच्या अंदाजावरून काम करत असेल, तर गोष्ट तीच. बेंचमार्कची खूण भिंतीवर रंगाने ठळक करून घ्या, तिचा फोटो काढून ठेवा आणि उंची प्रत्येक ड्रॉइंगवर लिहायला लावा.

आता तुमचा दुसरा प्रश्न, एकदा केला की झालं का? नाही. सर्व्हेअरने कायम साइटवर बसायला नको, पण काही कामं एकदा झाली की परत फिरवता येत नाहीत. त्यांच्या आधी मोजून घ्यायचं.

पहिली वेळ, जेसीबी जागेला लागण्याआधी. खोदाई आणि भरावाचे पैसे घनमीटरवर ठरणार असतील, तर मूळ जमिनीच्या पातळ्या दोघांच्या सहीने कागदावर असायला हव्यात. तुमची पूर्ण जागा ६०० चौरस मीटर आहे. तिथे पातळीत सरासरी १० सेंटिमीटरांचा वाद झाला तर ६० घनमीटर मातीचा वाद झाला. जमीन एकदा उकरली की मूळची किती होती ते सांगायला कोणी साक्षीदार उरत नाही.

दुसरी वेळ, लाइनआउटची, म्हणजे घराच्या रेषा जमिनीवर आखायची. इथे कंत्राटदारांच्या टेप-दोरीला पूर्ण मान आहे, पण तिची तपासणी व्हायलाच हवी, आणि ती तुम्ही स्वतः करू शकता. घर १२ मीटर बाय ९ मीटर असेल तर दोन्ही कर्ण बरोबर १५ मीटर भरायला हवेत. हा ३-४-५ चाच हिशेब (बाजू ३ आणि ४, तर कर्ण ५), मिस्त्री गुण्या, म्हणजे काटकोन, जुळवायला रोज वापरतात तो. पण लहान त्रिकोणावर जुळवलेला कोपरा लांब भिंतीवर फसतो. एकाच अंशाचा फरक पडला तरी ९ मीटरच्या भिंतीचं टोक जवळजवळ १६ सेंटिमीटर सरकतं. डोळ्याला तो फरक दिसत नाही. कर्ण मोजलेत तर लगेच कळतो, कारण एक कर्ण १४.८७ भरेल आणि दुसरा १५.१२, पाव मीटरचा फरक. म्हणून पूर्ण घराचे कर्ण मोजा, टेप आडवी आणि ताणून धरा. चुना पडल्यावर तुम्ही आणि भाऊ दोघं जा. हे काम शिकायला वेगळं शिक्षण लागत नाही.

लाइनआउटमध्ये आणखी एक बघा. खुंट्या जिथे खणायचं तिथेच मारल्या असतील, तर पहिल्याच तासात त्या मातीबरोबर निघून जातील. खोदाईच्या बाहेर दोन-तीन मीटरवर, प्रत्येक रेषेच्या दोन्ही टोकांना काँक्रीटमध्ये पक्क्या बसवलेल्या खुंट्या हव्यात, डोक्यावर खिळा ठोकलेल्या. मग खड्डा कितीही खोल गेला तरी दोन खिळ्यांत दोरी ताणून ओळंबा सोडला की सेंटरलाइन, म्हणजे भिंतीची किंवा कॉलमची मधली रेषा, परत मिळते. साइटवर विटांचा ढीग नेमका याच खुंट्यांवर टाकला जातो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता त्यांच्याभोवती आधी कुंपण करायला सांगते.

तिसरी वेळ, फूटिंगवर, म्हणजे कॉलमच्या तळाच्या रुंद पायावर, कॉलमच्या सळया उभ्या राहिल्या की काँक्रीट ओतायच्या आधी. या तपासणीला टाळाटाळ होते, कारण मिक्सर दारात उभा असतो. पण इथे कॉलम ५ सेंटिमीटर सरकला, तर पुढे जोत्यावर आल्यावर मिस्त्री सळया वाकवून रेषेत आणतात. वरून कॉलम सरळ दिसतो, प्लास्टर झाल्यावर तर काहीच दिसत नाही. पण भार जिथून जायला हवा तिथून तो जात नाही. हे घर तुमच्या भावाची मुलं वापरणार आहेत. त्या दिवशी मिक्सर अर्धा तास थांबला तरी चालेल.

जोत्याचं काँक्रीट पडण्याआधी पातळी पुन्हा बेंचमार्कवरून घ्या, आधीच्या कुठल्या खुणेवरून नको. पुढे मजल्यामजल्याला मिस्त्रींची पाणसळ आणि पाण्याची नळी पुरते.

मोठ्या कामांत हे सगळं जास्त कडक असतं, एवढाच फरक. उंच इमारतीत प्रत्येक मजल्याला कॉलम उभ्या रेषेत आहेत का ते पाहतात, धरणावर आणि पुलावर बांधून झाल्यावरही वर्षानुवर्षं खुणा मोजत राहतात, खोल पायाच्या शेजारच्या जुन्या इमारती खचताहेत का यावर नजर ठेवतात. तिथे सर्व्हेअर पहिल्या दिवशी येतो आणि जवळजवळ शेवटी जातो. तुमच्या घराला त्याच्या चार-पाच भेटी पुरतील.

त्या भेटी आधीच बोलून घ्या आणि कामाच्या करारात लिहून घ्या. सर्व्हेअर शक्यतो तुम्ही नेमा, त्याचे पैसे तुम्ही द्या. कंत्राटदारांवर अविश्वास म्हणून नव्हे. ज्याचं काम तपासायचं त्यानेच तपासणाऱ्याला पैसे देऊ नयेत, म्हणून. नकाशाची कागदी प्रत आणि संगणकातली फाइल दोन्ही मागा, कारण आर्किटेक्टला फाइल लागेल, आणि पुढे मजला वाढवायचा झाला तर तुम्हालाही. त्यावर बेंचमार्कचं वर्णन, तारीख आणि सर्व्हेअरची सही हवी.

शेवटची भेट चर बुजवण्याआधीची ठेवा. पाण्याचे, सांडपाण्याचे पाइप आणि विजेची केबल जमिनीत टाकून झाली की ती कुठून आणि किती खोलीवरून गेली, हे दोन पक्क्या भिंतींपासून मोजून नकाशावर उतरवून घ्या. हे काम कोणी आपणहून करत नाही, मागावं लागतं.

तुमच्या जागेच्या पातळ्या हाती आल्या की जोतं ठरवण्याआधी मला पुन्हा लिहा. रस्ता, पुढची जमीन, मागची जमीन आणि चेंबरचा तळ, एवढे चार आकडे पुरेत. संडास-न्हाणी कुठे ठेवायची ते आर्किटेक्टशी बोलताना काय काय विचारायचं, ते त्यावरून सांगता येईल.